ग्रीक व रोमन लोकांचे देव आणि त्यांचे नवस

आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण होत आहेत. देवळाच्या पायाभरणीपासूनचा वृत्तान्त, पूर्वीच्या धर्मगुरूंची सेवा आणि डोक्यावर दगडमाती वाहून हें मंदिर उभारणाऱ्या वाडवडिलांचे कष्ट ह्यांचें वर्णन ह्या स्मरणिकेंत अन्यत्र आलेलेंच आहे. संपादकमंडळानें मजकडे इतिहासविषयक एक लेख मागितला, तेव्हां मी मुद्दाम ह्याहून पुष्कळ जुन्या इतिहासाकडे वळलों. विषय प्रथमदर्शनीं दूरचा वाटेल. परंतु तो मला एका वृद्ध धर्मबंधूच्या प्रश्नानें सुचविला आहे.

हे गृहस्थ आतां हयात नाहींत. त्यांचा नातू दुखणाईत असतां त्यांनीं यात्रेच्या ठिकाणीं मेणाची बाहुली वाहिली, नऊ शनिवारांची नोव्हेना पाळली, अनवाणी चालण्याचा नेम पुरा केला. मूल वांचलें नाहीं. दफनविधीनंतर कांहीं दिवसांनीं ते मजकडे आले आणि शांतपणें म्हणाले, “फादर, मी माझ्याकडून काही बाकी ठेवली नाही. मग देवानं का ठेवली?” मी सांत्वनाचे चार शब्द बोललों, उत्तर मात्र देऊं शकलों नाहीं. पुढें गुरुविद्यालयांत शिकलेले जुने ग्रंथ पुन्हां चाळीत असतां माझ्या ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न आपल्या गांवांत जन्मलेला नाहीं. ग्रीक व रोमन लोकांच्या साऱ्या बहुदेवपूजेच्या मुळाशीं तोच प्रश्न उभा आहे.

प्रथम ग्रीकांचा विचार करूं. ग्रीक लोकांस आपल्या बायबलासारखा एक धर्मग्रंथ नव्हता, सर्वांनीं म्हणावयाचा मतांगीकार नव्हता, आणि सर्व ग्रीसवर अधिकार चालविणारें असें धर्मपीठहि नव्हतें. होमर व हेसिअड ह्या दोन कवींनींच ग्रीकांस त्यांच्या देवांची वंशावळ व कर्तव्यें सांगितलीं, असें इतिहासकार हेरोडोटस म्हणतो. ऑलिंपस पर्वतावरील बारा प्रमुख देव आपण शाळेंत वाचलेले असतात: झ्यूस हा राजा, हेरा ही त्याची राणी, अथीना ही बुद्धीची देवी, पोसायडन हा समुद्राचा स्वामी, इत्यादि. परंतु सामान्य ग्रीक गृहस्थाचा संबंध पर्वतावरील झ्यूसशीं थोडा आणि आपल्या घरांतील झ्यूसशीं अधिक येत असे. अंगणाचें रक्षण करणारा झ्यूस निराळा, अतिथीचा कैवार घेणारा झ्यूस निराळा, आणि कोठारांतील धान्यसंपत्ति राखणारा झ्यूस निराळा. ह्या शेवटच्याची खूण म्हणजे कोठींत ठेवलेला एक साधा रांजण. नांव एक, परंतु कामें अनेक. आणि कामागणिक पूजाहि वेगळी.

ह्या पूजेचा प्राण म्हणजे यज्ञबलि. वेदीवर पशु कापावा, मांड्यांचीं हाडें चरबींत गुंडाळून देवासाठीं जाळावीं आणि मांस सर्वांनीं वांटून खावें, असा परिपाठ होता. देव व मनुष्य ह्यांच्यामधील हा देवघेवीचा व्यवहार किती उघड होता तें ‘इलियड’ महाकाव्याच्या आरंभींच दिसतें. अपोलोचा पुजारी क्रायसिस आपली कन्या परत न मिळाल्यामुळें ग्रीकांस शासन व्हावें म्हणून प्रार्थना करतो, तेव्हां आपण पूर्वीं देवासाठीं मंदिर शाकारलें व बलि जाळले ह्याची तो त्यास आठवण देतो. आणि देव तें ऋण मानून ग्रीकांच्या छावणींत रोगराई पाठवितो.

परंतु त्याच काव्याच्या सहाव्या सर्गांत दुसरा प्रसंग आहे. ट्रॉय नगर संकटांत असतां तेथील स्त्रिया आपल्याजवळील अत्यंत मूल्यवान वस्त्र अथीनेच्या गुडघ्यांवर ठेवतात आणि नगर वांचल्यास बारा कालवडी वाहूं असा नवस बोलतात. देवी नकार देते. कां, तें कवि सांगत नाहीं. आपल्या वृद्ध बांधवाचा प्रश्न विचारणारा कोणी त्या स्त्रियांत उभा असता, तर त्यास उत्तर देणारा पुजारी ट्रॉयमध्यें नव्हता.

आतां रोमकडे वळूं. रोमन मनुष्य हा स्वभावानें शेतकरी, शिपाई आणि कायदेपंडित. त्यानें देवांसंबंधीं कथा थोड्या रचिल्या, परंतु देवांचीं खातीं फार बारकाईनें वांटलीं. गव्हावर तांबेरा पडूं नये म्हणून रोबिगस नांवाचें दैवत होतें आणि २५ एप्रिल रोजीं त्यास कुत्र्याचा बळी दिला जाई. शेताच्या बांधावरील दगडांत टर्मिनस नांवाचा देव वसे. संत ऑगस्टीन आपल्या ‘ईश्वराचें नगर’ ह्या ग्रंथाच्या चौथ्या भागांत ह्या वांटणीची थट्टा करतात. बीं जमिनीखालीं असेपर्यंत एक देवी, अंकुर वर आल्यावर दुसरी, आणि धान्य कोठारांत गेल्यावर तिसरी! घरास माणूस असेल तर एक द्वारपाळ पुरतो. परंतु रोमन लोकांस दाराच्या फळ्यांसाठीं एक, बिजागरीसाठीं दुसरा आणि उंबरठ्यासाठीं तिसरा असे तीन देव लागत.

थट्टा बाजूस ठेवली तर ह्या साऱ्यामागें एक गंभीर भावना होती, हें आपण मान्य केलें पाहिजे. पीक बुडालें कीं उपासमार, ताप आला कीं मृत्यु, अशा जगांत मनुष्य राहत होता. त्याच्या जीवनाचा एकहि कोपरा दैवी शक्तीवांचून मोकळा नाहीं, अशी त्याची श्रद्धा होती. उंबरठा ओलांडतांना, नांगर धरतांना, मूल जन्मतांना त्याला देव आठवे. देवांशीं असलेला सलोखा टिकला तर राज्य टिकेल, ह्या विश्वासावर रोमन राज्य शतकानुशतकें चाललें.

हा सलोखा टिकविण्याचें मुख्य साधन म्हणजे नवस. लॅटिन भाषेंत त्यास ‘वोतुम’ म्हणत. आधीं मागणें स्पष्ट शब्दांत बोलावयाचें, मोबदलाहि स्पष्ट शब्दांत ठरवावयाचा, आणि देवानें मागणें पुरें केलें कीं मनुष्य नवसाचा ऋणको होई. नवस फेडल्यावर शिळेवर चार अक्षरें कोरीत: ‘व्ही, एस, एल, एम’. त्यांचा भावार्थ असा कीं, अमुक मनुष्यानें आपला नवस आनंदानें व यथायोग्य फेडला. ब्रिटनपासून आफ्रिकेपर्यंत अशा शिळा मिळाल्या आहेत. इटलींतील प्राचीन देवस्थानांच्या उत्खननांत भाजलेल्या मातीचे हात, पाय, डोळे आणि कान हजारोंच्या संख्येनें सांपडले आहेत. कोणाचा पाय दुखत होता, कोणाची दृष्टि जात होती. दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या गरिबांचीं दुखणीं आज संग्रहालयांच्या कपाटांत मांडलेलीं दिसतात. तीं पाहून हसूं येत नाहीं. आपल्या यात्रेच्या ठिकाणीं मिळणारे मेणाचे हातपाय आठवतात.

राज्याचे नवसहि ह्याच रीतीचे असत. इ. स. पूर्व २१७ मध्यें ट्रासिमेनो सरोवराकांठीं हॅनिबलनें रोमन सेनेचा संहार केला. तेव्हां रोमन लोकांनीं ज्युपिटरला नवस केला कीं, पांच वर्षें राज्य सुरक्षित राहिलें तर एका वसंत ऋतूंत जन्मणारीं डुकरें, मेंढरें, शेळ्या व गुरें यांचे बळी आम्ही तुला देऊं. लिव्ही ह्या इतिहासकारानें त्या नवसाच्या अटी दिल्या आहेत. बळी देण्यापूर्वींच पशु मेला तर दोष नाहीं. कोणी चोरून नेला तर लोकांवर ठपका नाहीं. अजाणतां अशुभ दिवशीं बळी दिला तरी तो मान्य समजावा! जमीनजुमल्याच्या खरेदीखतांतहि याहून अधिक सावधगिरी आढळणार नाहीं. हा नवस इ. स. पूर्व १९५ मध्यें फेडण्यांत आला. परंतु विधींत चूक झाली असें पुरोहितानें सांगितल्यावरून पुढील वर्षीं तो सर्व पुन्हां फेडावा लागला.

रोग आला आणि जुने देव पुरेनासे झाले, तर रोमन लोक नवा देव आणीत. साथीच्या प्रसंगीं इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं ग्रीसमधील एपिडॉरस येथून वैद्यकाचा देव एस्क्युलॅपियस ह्यास आणून टायबर नदींतील बेटावर त्याचें मंदिर बांधलें. त्याच बेटावर आज रुग्णालय आहे. इ. स. पूर्व २०४ मध्यें आशियांतून महामातेची काळी शिळा आणली गेली. येथेंच बहुदेवपूजेचें एक रहस्य दिसतें. ज्या धर्मांत देव हा कराराचा पक्ष आहे, तेथें एका देवानें करार पाळला नाहीं तर दुसऱ्याकडे जाणें हेंच शहाणपण ठरतें. देवांची संख्या वाढत गेली ती केवळ कल्पनेच्या खेळामुळें नव्हे. न फळलेले नवसहि तिच्यामागें होते.

ह्या व्यवहारांतील उणीव खुद्द त्या लोकांतील विचारवंतांसहि जाणवली होती. मनुष्य आपल्यासारखेच देव कल्पितो, प्रत्येक राष्ट्राचे देव त्या राष्ट्राच्याच वर्णाचे व चेहऱ्याचे असतात, असें झेनोफनीसनें ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या सुमारास दाखवून दिलें. इ. स. पूर्व ३९९ मध्यें सॉक्रेटिसावर नगराचे देव न मानल्याचा आरोप येऊन त्यास विष प्यावें लागलें. सिसरोनें इ. स. पूर्व ४५ मध्यें देवांच्या स्वरूपावर ग्रंथ लिहिला, आणि त्यांत देव मनुष्याची काळजी वाहतात कीं नाहीं ह्याची चर्चा केली. परंतु तत्त्ववेत्त्यांचा देव विद्वानांच्या ओसरीवर राहिला. आजारी मुलाजवळ बसलेल्या आईच्या हातांत मातीचा पायच होता.

अशा जगांत सुवार्तेनें पाऊल टाकलें. लिस्त्रा गांवीं संत पौल व संत बर्नबा ह्यांनीं एका पांगळ्यास बरें केलें, तेव्हां गांवकऱ्यांनीं बर्नबास झ्यूस व पौलास हर्मीस ठरविलें आणि पुजारी बैल व हार घेऊन आला. उपकार झाला, तेव्हां मोबदला दिलाच पाहिजे, हा त्यांचा सरळ हिशेब! प्रेषितांनीं आपलीं वस्त्रें फाडून त्यांस थांबविलें, आणि पाऊस व पीक देणारा जिवंत देव आधींपासूनच फुकट देत आला आहे, हें त्यांस सांगितलें. अथेन्समध्यें अज्ञात देवाची वेदी पाहून संत पौलानें तेथील लोकांची निंदा केली नाहीं. त्यांच्याच एका कवीचा आधार घेऊन त्यांस समजाविलें. मनुष्याच्या हातून सेवा घेण्याची देवास गरज नाहीं, सर्वांस जीवन व श्वास तोच देतो, हा त्या भाषणाचा गाभा होय. कांहींनीं थट्टा केली; दिओनिसियस, दामारिस आणि आणखी कांहीं जणांनीं विश्वास ठेविला.

ध्यानांत घ्यावें कीं, येथें अनेकांऐवजीं एक एवढाच फरक झाला नाहीं. देवांची संख्या कमी करणें सोपें होतें. पुष्कळ तत्त्ववेत्त्यांनीं ती मनोमन केलीच होती. नवें होतें तें हें कीं, ह्या देवाशीं करार होत नाहीं. मागण्यापूर्वींच त्यानें आपला पुत्र दिला. त्या दानाची फेड करण्याइतकें कोणाजवळ कांहींच नाहीं.

रोमन राज्यकर्त्यांस हें उमगणें कठीण होतें. वेदीवर चिमूटभर धूप टाकावयास काय हरकत, असें त्यांस वाटे. आणि कोणी नकार दिला तर देवांशीं असलेला सलोखा मोडून सर्वांवर संकट येईल, अशी त्यांस प्रामाणिक भीति होती. सम्राट डेसियसनें इ. स. २४९ च्या अखेरीच्या सुमारास सर्वांनीं बळी देऊन तसा दाखला घ्यावा असें फर्मान काढलें. असे चाळिसांहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूंत पपायरसावर लिहिलेले मिळाले आहेत. कांहीं ख्रिस्ती लोकांनीं बळी दिले, कांहींनीं लांच देऊन दाखले मिळविले, आणि कांहींनीं प्राण दिले. सर्वच आपले पूर्वज होत.

मग ह्या नव्या विश्वासाचें फळ लोकांस कशांत दिसलें? ह्याविषयीं विरोधकाची साक्ष अधिक मोलाची. सम्राट ज्युलियन इ. स. ३६१ ते ३६३ पर्यंत गादीवर होता. त्यानें जुने देव पुन्हां स्थापण्याचा प्रयत्न केला. एका पुरोहितास लिहिलेल्या पत्रांत तो खंत करतो कीं, हे गालीली लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्या गरिबांनाहि पोसतात, आणि आमचे लोक मात्र आमच्याकडून साहाय्य मिळत नाहीं असें पाहतात. ज्यास फुकट मिळालें त्यास फुकट देतां येतें, ही गोष्ट त्या बुद्धिमान राजास दिसली होती. तिचें मूळ मात्र त्यानें ओळखलें नाहीं.

परंतु विजय मिळाल्यावर आपलेहि हात स्वच्छ राहिले नाहींत, हें इतिहास लिहितांना लपवूं नये. इ. स. ३८४ मध्यें सिमॅकस ह्या रोमन सरदारानें विजयदेवीची वेदी सिनेट-सभागृहांत पुन्हां ठेवावी अशी विनंती केली. एवढें थोर गूढ एकाच वाटेनें गांठतां येत नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. मिलानचे बिशप संत आंब्रोज ह्यांनीं त्यास शब्दांनीं उत्तर दिलें. परंतु इ. स. ४१५ मध्यें अलेक्झांड्रिया नगरांत ख्रिस्ती म्हणविणाऱ्या जमावानें हिपेशिया ह्या विदुषीची निर्घृण हत्या केली. तें उत्तर ख्रिस्ताचें नव्हतें.

आणि आतां आपण त्या वृद्ध बांधवाच्या प्रश्नाजवळ येतों. इ. स. ४१० मध्यें अलारिकच्या सैन्यानें रोम लुटलें. जुन्या देवांचे भक्त म्हणाले, ‘आम्ही देवांचे बळी बंद केले, म्हणून हें झालें.’ ख्रिस्ती लोकहि गोंधळून विचारूं लागले, ‘संत पेत्र व संत पौल ह्यांचीं थडगीं असलेलें हें नगर देवानें कां राखलें नाहीं?’ दोन्ही बाजू, पाहा, एकाच भाषेंत बोलत होत्या. ती भाषा नवसाची होती. संत ऑगस्टीन ह्यांनीं उपरोक्त ग्रंथ लिहावयास घेतला तो ह्याच प्रसंगामुळें, आणि त्यांत त्यांनीं दोघांसहि एकच गोष्ट सांगितली. ह्या जगांतील सुख हें भक्तीचें वेतन नव्हे आणि दुःख हा देवाच्या वैराचा पुरावा नव्हे. ऊन व पाऊस सज्जन-दुर्जनांवर सारखेच पडतात. ख्रिस्तानें आपल्या लोकांस सुरक्षिततेचा करार कधींच लिहून दिला नव्हता.

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. ‘अनेक देव’ हे शब्द ऐकतांच आपली दृष्टि शेजाऱ्याच्या अंगणाकडे वळण्याचा संभव असतो. हा लेख त्यासाठीं लिहिलेला नाहीं. इतर धर्मांत जें सत्य व पवित्र आहे तें ख्रिस्तसभा त्याज्य मानीत नाहीं, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं जाहीर केलें आहे. दृष्टि वळवावयाची ती आपल्याच देव्हाऱ्याकडे. हरवलेल्या वस्तूसाठीं संत अंतोन, घशासाठीं संत ब्लेझ, अशक्य गोष्टींसाठीं संत ज्यूद, अशी खातेवांटणी आपणहि करतों. संतांचा सन्मान करणें व त्यांची मध्यस्थी मागणें ही ख्रिस्तसभेची प्राचीन परंपरा आहे, इ. स. ७८७ मध्यें निकेया येथील दुसऱ्या परिषदेनें सन्मान व आराधना ह्यांतील भेद स्पष्ट केला आहे. मेणाचा पाय वाहण्यांत पाप नाहीं. तो वाहतांना आपण देवास काय म्हणतों, हा खरा प्रश्न आहे. ‘ही माझी वेदना, ती तुझ्या हातीं देतों’ असें म्हणत असलों, तर ती प्रार्थना आहे. ‘ही किंमत, आतां माल दे’ असें म्हणत असलों, तर देव एक मानूनहि आपण ज्युपिटराच्याच दारांत उभे आहों.

माझ्या वृद्ध बांधवा, त्या दिवशीं जें मला सांगतां आलें नाहीं तें आज लिहितों. तुम्हीं बाकी ठेवली नाहीं हें खरें. परंतु तुमच्याकडे देणें कधीं नव्हतेंच. गेथसेमनीच्या बागेंत पुत्रानें स्वतः मागितलें कीं हा प्याला टळावा, आणि तो टळला नाहीं. पित्यानें त्याच्याशीं करार मोडला असें आपण म्हणत नाहीं. तुमचा नातू कां गेला तें मला ठाऊक नाहीं. परंतु ट्रॉयच्या स्त्रियांस नकार देणारी देवी त्यांच्याबरोबर रडली नाहीं. लाझाराच्या थडग्यापाशीं आपला प्रभु रडला. नवस फळला नाहीं तरी ह्या देवाचें दार सोडून दुसरा देव शोधावयाचा नाहीं, तो ह्यासाठीं.

‘ज्युबिली’ हा शब्द मूळचा यहुदी लोकांचा. लेवीयांच्या पुस्तकांतील पंचविसाव्या अध्यायांत त्याचा नियम आहे. पन्नासावें वर्ष आलें कीं शिंग फुंकावें, विकली गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी, दास मुक्त व्हावा. सारांश, हिशेबाची वही मिटण्याचें तें वर्ष. आपल्या देवळाच्या ह्या पन्नासाव्या वर्षीं आपण पुष्कळ मेणबत्त्या लावूं, पुष्कळ मागणीं मागूं. मागावीं, कारण तो बाप आहे. मात्र वेदीसमोर गुडघे टेकतांना वही घरीं ठेवून यावें. आपल्या शेजारच्या बांकावर ज्याचें मागणें पुरें झालें नाहीं असा कोणी बसला असेल, त्याचा हात हातीं धरावा. माझ्या मतें आपल्या सुवर्णमहोत्सवास शोभेल असा नवस तोच होय.